साडूंचा आगीचा टोप

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके एकत्र केले तरी आगीचा एवढा मान राखणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. आमच्याकडे लोक भावकीला भितात, बिबट्याला भितात, बाजारभाव पडण्याला भितात. आमचे साडू कशालाच भीत नसत, पण आगीचं नाव घेताना आवाज खाली आणत. घरातली वडीलधारी, तापट बाई शेजारच्या खोलीत झोपलेली असावी आणि तिच्याविषयी बोलायची वेळ यावी, तसा तो आवाज असे. मी स्वतः तापट म्हणून ओळखला जातो. नारायणगावच्या बाजारात माझ्या तापटपणाचे किस्से सांगतात. पण माझ्याशी बोलताना साडूंनी आवाज खाली आणल्याचं मला एकदाही आठवत नाही. त्यांच्याविषयीची माझी मोठी तक्रार पुढे येईलच, ही लहान आधी नोंदवून ठेवतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आंबेगाव तालुक्यातल्या लोणी गावचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पिंपरीकडच्या एका मोठ्या कंपनीत आग विझवण्याच्या खात्यात काढली. तिथं एवढ्या वर्षांत सांगण्यासारखी आग एकदाही लागली नाही, आणि लोकांना वाटे की साडूंना त्याचं वाईट वाटत असेल. तसं नव्हतं. आग लागली नाही हीच आपली कमाई, असं ते समजत. फक्त ही कमाई दाखवता येत नाही याचं त्यांना वाईट वाटे. कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती दिली तेव्हा ते लोणीला परत आले. शेत भावाच्या हाती होतं, मुलगी सासरी गेली होती, हाताला काम नव्हतं. मग त्यांनी दोन्ही तालुके आपल्या खात्यात घेतले. कुणाच्या घरी पाणी प्यायच्या आधी ते उंबऱ्यात उभे राहून एक खोल श्वास घेत, आणि मग कुणाला न सांगता आत जाऊन गॅसची टाकी बंद करून येत. बायको बाजारातून आली आणि काड्यांवर काड्या ओढूनही शेगडी पेटेना, की ती पदर खोचून म्हणायची, "दाजी येऊन गेले वाटतं." होळीला सगळा गाव तोंडावर हात ठेवून बोंबलत असताना हे एकटे वाऱ्याकडं पाठ करून उभे, दोन बाजूंना पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या आणि खांद्यावर ओलं पोतं. भाच्यांना दिवाळीत फटाके आणायचे, पण हातात आधी वाळूची बादली द्यायचे. मोठी झालेली ती पोरं सांगतात की त्यांना फटाक्यांपेक्षा वाळूच जास्त आठवते.

लग्नात तर त्यांच्या शेजारी बसू नये. आळेफाट्याला आमच्या भाचीचं लग्न होतं. मंगलाष्टकं चालू, हातात अक्षता, सगळ्यांची नजर अंतरपाटाकडं, आणि साडू मंडपाच्या कडेकडेनं वर बघत फेरी मारून आलेले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पावणं, ह्या मांडवाला एकच दार हाये."

"लग्नाला एकच दार असतं," मी म्हणालो. "आत जायचं. बाहेर यायचं नसतं."

आजूबाजूचे चारसहा जण हसले. साडू हसले नाहीत. "म्हणून तर आधीच बघून ठिवायचं," ते म्हणाले, आणि माझा दंड धरून त्यांनी मला दाराजवळच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. तिथून मला वधू दिसली नाही, वर दिसला नाही, फक्त आचारी दिसत होते.

माझं आणि त्यांचं बिनसलं ते माझ्या फॅक्टरीच्या वास्तूच्या दिवशी. मी नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात रिकामी खोकी विकून सुरुवात केलेला माणूस आहे. पुढे भोसरीच्या एका भंगारवाल्याशी अर्धा दिवस घासाघीस करून बॉक्स शिवायचं एक जुनं मशीन आणलं. पायानं दाबलं की तार बसते, असं. पत्र्याच्या टपरीत बसून मी त्याच्यावर टोमॅटोचे, द्राक्षांचे पुठ्ठ्याचे बॉक्स शिवले, आणि त्या मशीनच्या जिवावर पिंपळवंडीच्या शिवारात शेड उभी केली. मोठी मशिनं आली, माणसं आली, तरी ते जुनं मशीन मी पुढच्या दाराच्या उजव्या कोपऱ्यात ठेवलं. चालवायला नव्हे, ठेवायला. दोन्हीकडचे पाहुणे आले होते, भटजी बसले होते, आणि मी कौतुकानं साडूंना विचारलं, "काय पावणं, कशी वाटली जागा?"

त्यांनी वर बघितलं, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "जागा झ्याक हाये. पेटायला लई सोयीची."

भटजींचा मंत्र अर्ध्यात राहिला. माझ्या तोंडात पेढा होता म्हणून साडू वाचले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. गणितं सांगावीत तसं सांगत राहिले, "कागुद हाये, भुस्सा हाये, मोटर पुढच्या अंगाला, आन् मागलं दार बंद. सरण रचताना बी मानूस एवढी काळजी घेत न्हाई."

हा सरणाचा शब्द माझ्या आधी घरोघरी पोचला. पुढं वर्षभर मी कुठल्याही बारशाला गेलो तरी कुणीतरी मिशीत हसून विचारायचं, "काय म्हणतंय सरण?" शून्यातून उभी केलेली वस्तू होती ती. मागचं दार बंद होतं हे खरं. त्या दाराला बाहेरून कुलूप आणि आतून कागदाची रिळं लावून ठेवलेली होती, कारण मागं उसाचं रान आहे आणि उसातून माल कसा जातो हे मी बाजारात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दार माझं, रिळं माझी. आगीच्या आधी चोरीचा बंदोबस्त करावा लागतो, हे नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला कसं कळणार?

त्यानंतर आला तो टोप. पुण्यात कॅम्पाकडं एक गेम पार्लर बंद पडत होतं. तिथं डोक्यावर घालायचं एक मोठं काळं शिरस्त्राण होतं. ते घातलं की डोळ्यांसमोर दोन लहान पडदे यायचे, आणि मान फिरवाल तिकडं चित्रातली दुनिया फिरायची. पोरं त्यात घुसून राक्षस मारत. साडूंनी ते सहज म्हणून घातलं, मान मागं वळवली, तर मागं भिंत होती. टोप काढून बघितलं, तर मागं भिंत नव्हती. एवढ्यावर त्यांचं आयुष्य पालटलं. भिंत दाखवता येते तर आग का येणार नाही? ते मला म्हणाले होते, "कंपनीत आमी कवायत घ्यायचो. शिट्टी वाजली की समदी चहाला निघाल्यावानी निघायची. हसत, तंबाकू मळत. आग दिसल्याबगर मानूस खरा वागत न्हाई, पावणं. आन् खरी दावायची तर जाळावं लागंल." म्हणून खोटी दाखवायची. तो टोप आणि त्याच्याबरोबरचा कॉम्प्युटर त्यांनी भंगारात घेतला, एसटीच्या मागच्या बाकावर मांडीवर धरून मंचरला आणला, आणि तिथं कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या एका बाईंच्या टेबलावर ठेवला. या मॅडम इमारतींचे आराखडे कॉम्प्युटरवर काढायला शिकलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, याला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात, परदेशात विमानवाले वापरतात. साडू म्हणाले, नाव काहीही असू द्या, मला एक फॅक्टरी काढून द्या आणि ती पेटवून द्या.

कुणाची फॅक्टरी, हे त्यांनी मला विचारलं नाही. त्या दिवसांत ते माझ्याकडं फार येऊ लागले होते. हात पाठीमागं बांधून शेडमध्ये इकडून तिकडं चालायचे, ओठ हलत असायचे. मला वाटलं म्हातारपण आलं, जप करत असतील. ते पावलं मोजत होते. माझी फॅक्टरी मंचरला रोज जळत होती आणि मला पत्ता नव्हता. ती बातमी मला मंचरच्या एका टेम्पोवाल्यानं हसतहसत दिली.

मी तसाच जीप काढून मंचरला गेलो. क्लासचं दार धाडकन उघडलं. चष्मा लावलेल्या एक बारीकशा बाई वर न बघता म्हणाल्या, "तुम्हीच का ते शेठ? मागचं दार बंद ठेवणारे?"

या प्रश्नाला उत्तर सुचायच्या आत साडूंनी मागून येऊन तो टोप माझ्या डोक्यात घातला. शिवी तोंडात होती ती तिथंच राहिली. मी माझ्या शेडमध्ये उभा होतो. रंग भडक, कडा करवतीसारख्या, पण माझीच शेड. खांब त्याच जागी, मोठी मोटर, मागं रिळांची रास. उजव्या कोपऱ्यात माझं जुनं मशीनसुद्धा होतं, पायाच्या दांडीसकट. तेवढ्यात मोटरपाशी नारिंगी त्रिकोण हलायला लागले आणि करडा धूर वरून खाली उतरू लागला. हातात एक दांडी दिली होती, ती ढकलली की माणूस चालतो. मी दांडी ढकलली आणि थेट कोपऱ्यात गेलो, मशीनकडं. समोरचं सगळं काळं झालं.

"पावणं," टोपाच्या बाहेरून आवाज आला, "मेलात."

"असा कसा मेलो? मशीन घेऊन आलोच असतो की. अजून थोडा वेळ होता."

"आग घासाघीस करीत न्हाई," साडू म्हणाले.

मी परत घातला. परत मेलो. त्या दिवशी मी कितीदा मेलो ते मॅडमना माहीत. बाहेर पडताना त्या एवढंच म्हणाल्या, "शेठ, प्रत्येक वेळी त्याच कोपऱ्यात जाता." मी जीप एवढ्या जोरात नेली की अवसरीच्या वळणावर एका म्हशीनं मला रस्ता दिला.

माझ्या माणसांना हा टोप घालायचा, असं साडूंच्या मनात होतं. मी नाही म्हणालो. त्यांनी बायकोकडून सांगून पाहिलं, मेहुणीकडून सांगून पाहिलं. शेवटी एका रविवारी ते घरी आले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझ्यापुढं धरला. आमच्याकडं बेल्ह्याच्या बाजारात बैलाचा सौदा असाच होतो. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरायची, तोंडानं आकडा बोलायचा नाही, म्हणजे भोवतीच्या लोकांना कळत नाही. माझे वडील त्यात वस्ताद होते, आणि टॉवेल पुढं आला की मला नाही म्हणता येत नाही, हे साडूंना ठाऊक होतं. बोटांबोटांनी सौदा झाला. त्यांनी आठवड्यातल्या तीन दुपारी मागितल्या, मी जेवणाच्या सुट्टीतला निम्मा वेळ दिला, तोही फक्त मंगळवारचा. मागच्या दारासाठी त्यांनी माझा अंगठा दाबला, मी तो सोडवून घेतला. दाराचा सौदा झाला नाही.

अशा रीतीनं आगीचा टोप पिंपळवंडीला आला. ऑफिसच्या खोलीत, पुढच्या दाराशेजारी, तो एका लाकडी पेटीत मखमली कापडात ठेवलेला असे. खोट्या आगीलाही वीज लागते, त्यामुळं कधी ऐन भडक्यात लोडशेडिंग व्हायचं आणि आग आपोआप विझायची. बाया टाळ्या वाजवायच्या. साडूंना ते मुळीच आवडत नसे. ते गंभीर चेहऱ्यानं सांगत, "खऱ्या आगीत वीज गेली तर अंधार व्हतो, आग ऱ्हाती."

माझ्याकडं आणे पठारावरच्या हौसाबाई होत्या. फॅक्टरीतल्या सगळ्यांत जुन्या, तोंडानं फटकळ. पहिल्या दिवशी मशिनं सुरू झाली तेव्हा त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या होत्या, की हे आपलं पोट भरणार, इथं पायताण कसं न्यायचं. त्यांच्यामागं सगळ्यांनी काढल्या, आणि तीच रीत पडली. मलाही बरंच झालं, द्राक्षाच्या बॉक्सचा पांढरा कागद जमिनीवर पसरतात, त्यावर चिखलाचे ठसे उठत नसत. पुढच्या दाराशी चपलांचा ढीग असे. मी एकटा काढत नसे. माझ्या पायात जाड तळाच्या करकर वाजणाऱ्या कोल्हापुरी. शेठ आले हे लोकांना आधी कळलेलं बरं असतं. हौसाबाई टोमणा मारायच्या, "शेठ, लक्ष्मी तुमचीच हाये, तुमी बी काढा की." मी करकर वाजवत पुढं जायचो.

टोप घालायला पहिल्या हौसाबाईच उभ्या राहिल्या. साडूंनी चित्रात मागचं दार उघडं ठेवलेलं होतं. खऱ्या फॅक्टरीत नसलं तरी खोट्या फॅक्टरीत त्यांची सत्ता होती. आग मोटरपाशी, म्हणजे पुढं. मागं दार मोकळं, उजेड दिसतोय. हौसाबाई वळल्या आणि सरळ आगीतून पुढच्या दाराकडं निघाल्या.

"हौसाबाई, मागं! मागलं दार उघडं हाये!" साडू ओरडले.

"दिसतंय मला."

"मग तिकडं कुटं चालला?"

"माज्या चपला हिकडं हायेत."

"आवं, ह्या टोपातल्या फॅक्टरीत चपला न्हाईत!"

"टोपात नसतील," हौसाबाई आतूनच म्हणाल्या, "पर काढल्यात कुटं? हिकडंच ना?" आणि त्या जळून गेल्या.

लोक हसून हसून पुठ्ठ्यांवर पडले. मीही हसलो. पण त्यांच्यानंतर दुसरा आला, तिसरा आला, आणि प्रत्येक जण मागचं दार बघून, तसंच सोडून, पुढच्या दाराकडं गेला. ज्या दारानं आत आलो त्याच दारानं बाहेर जायचं, आणि पायताण घेऊन जायचं. साडूंचा चेहरा उतरत गेला. पिंपरीच्या कंपनीत सगळे बूट घालत, त्यामुळं ही गोष्ट त्यांना कधी दिसली नव्हती. सुट्टी संपल्यावर ते बराच वेळ पुढच्या दाराशी उकिडवे बसून त्या चपलांकडं बघत राहिले.

दुसऱ्या मंगळवारी टॉवेल पुन्हा बाहेर निघाला, या वेळी फॅक्टरीतच, सगळ्यांसमोर. साडू म्हणाले, "पावणं, ह्यांना कितीबी शिकवलं तरी ही चपलांकडंच जानार. मग चपलाच मागं न्या. मागलं दार हेच रोजचं दार करा." टॉवेलाखाली मी खूप वेळ बोटं आवळून धरली. उसाचं रान माझ्या डोळ्यांपुढं होतं. शेवटी म्हणालो, "दार उघडतो. पण एक अट. सरण हा शब्द पुन्हा तोंडातून निघाला नाही पाहिजे. कुणाच्या लग्नात नाही, कुणाच्या दहाव्यात नाही."

साडूंनी विचार केला. शब्द त्यांचा होता, आणि चांगला होता. सोडणं जिवावर आलेलं दिसत होतं. "सोडला," ते म्हणाले. आणि सोडला तो कायमचा. त्यानंतर ते माझ्या फॅक्टरीला "तुमची वास्तू" म्हणत, जरा घोगऱ्या आवाजात.

रिळं हलली, कुलूप निघालं, मागच्या दाराबाहेर पत्र्याची पडवी काढून चपलांसाठी फळ्या ठोकल्या. मंचरला मॅडमनी टोपातल्या फॅक्टरीतही मागच्या दाराशी चपला चितारल्या. खपून काढल्या होत्या त्यांनी, आगीपेक्षा चपला चांगल्या निघाल्या. हौसाबाईंनी आपल्या चपलेचा लाल अंगठा ओळखलासुद्धा. आणि मग टोप घातलेला प्रत्येक जण न सांगता मागं वळू लागला. एकजात सगळे पास झाले. मी सोडून. मी मालक म्हणून पुढच्या दारानं येत होतो, करकर वाजवत ऑफिसात जात होतो, आणि टोप घातला की उजव्या कोपऱ्यात जाऊन मरत होतो. साडू सगळ्यांसमोर पाटी वाचावी तसं म्हणत, "शेठ नापास." हे त्यांनी हळू आवाजात म्हणावं, अशी विनंती मी केली होती. त्यांनी ती मानली नाही.

ती उन्हाळ्यातली सकाळ होती, आणि मंगळवार होता. साडू लवकर येऊन मागच्या पडवीत बसले होते. वीज गेलेली होती, ती आली. आली तीच झटक्यानं, आणि पुढच्या मोटरमधून ठिणग्या उडाल्या. खाली भुस्सा होता. त्रिकोण वगैरे काही नव्हतं. एक मऊ आवाज आला, मोठं पातळ झटकल्यासारखा, आणि पुढचं दार दिसेनासं झालं.

मी कितीतरी वर्षं बाजारात काढली, गोंधळात माणसं कशी वागतात ते मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी गोंधळ झाला नाही. कुणी ओरडलं नाही. सगळे वळले आणि मागच्या दारानं निघाले, जसे रोज संध्याकाळी निघतात तसे. आणि प्रत्येकानं आपापल्या चपला घातल्या! हौसाबाई तर दाराबाहेर उभ्या राहून "ही कुणाची? ही घे. ह्यो अंगठा तुटलेला कुणाचा?" असं म्हणत चपला लांब उसाच्या बांधाकडं भिरकावत होत्या, म्हणजे दारात कुणी रेंगाळू नये.

हे मला नंतर कळलं. मी तेव्हा कोपऱ्याकडं निघालो होतो. मशीन दिसत होतं मला. मधे धूर होता, पण दिसत होतं. माझा हिशेब चुकलेला नव्हता हे मी आजही सांगतो; चार ढांगांत पोचलो असतो. मागून माझ्या मानेत टॉवेल पडला. तोच, सौद्याचा. साडूंनी तो दोन्ही टोकांना धरून मला बैलासारखं मागं ओढलं. मी त्यांना गुद्दे घातले, शिव्या दिल्या, त्यांच्या सात पिढ्या काढल्या. ते माझ्याहून वयानं मोठे, अंगानं बारीक. त्यांनी सोडलं नाही. ओढत ओढत मला मागच्या दारातून बाहेर काढलं आणि बांधावर नेऊन टाकलं.

मग त्यांनी माणसं मोजली. बोट दाखवत मोजली, पुन्हा उलटी मोजली. "समदी आली," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आला की हौसाबाईंनी "काय?" म्हणून विचारलं. मग ते माझ्याकडं वळले. माझं सगळं डोळ्यांसमोर जळत होतं. दुसरा कुणी असता तर खांद्यावर हात ठेवला असता.

"शेठ नापास," साडू म्हणाले. "तुमी बाहेर आला न्हाई. तुमाला आनलं."

ही माझी मोठी तक्रार. ती मी घरोघरी सांगितली आहे आणि ती खोटी आहे असं कुणी म्हणू शकलेलं नाही. त्यांनी मला जाऊ दिलं असतं तर ते मशीन आज असतं. शेड पुन्हा उभी राहते, मोठी मशिनं पुन्हा येतात, ती आलीही. ते मशीन पुन्हा येत नाही. वर सगळ्या माणसांसमोर नापास. बायको म्हणते, "तुमच्या तक्रारीत एक गोष्ट ऱ्हाती सांगायची." ती गोष्ट अशी की ऑफिसची खोली पुढच्या दाराशी होती, आणि मखमलीत गुंडाळलेला टोप त्या खोलीत होता. बांधावर उभे असताना साडूंनी तिकडं एकदाही बघितलं नाही. त्याचा विषयही पुन्हा काढला नाही.

नवी शेड होईपर्यंत मी त्यांना म्हणत होतो, की माझी परीक्षा परत घ्या. ते म्हणत, "टोप कुटं हाये आता?" पुढच्या पावसाळ्यात त्यांना धाप लागायला लागली. लोणीच्या घरी मी भेटायला गेलो तर खाट दाराजवळ ओढून घेतलेली. उंबऱ्यात उभा राहून मी मुद्दाम मोठा श्वास घेतला आणि म्हणालो, "पावणं, घराला दार एकच आहे तुमच्या." ते हसले. माझ्या विनोदाला ते हसल्याचं मला हे एकदाच आठवतं. मी परत परीक्षेचं काढलं, भाव करायला टॉवेलही पुढं धरला. त्यांनी टॉवेलाखाली माझा अंगठा दाबला आणि तसाच धरून ठेवला. असं नुसतं धरून ठेवण्याचा अर्थ सौद्याच्या भाषेत काहीच होत नाही. दिवाळीच्या आधी ते गेले. स्मशानात सगळे मागं सरकले तरी मी जवळ उभा होतो. तिथं मांडलेल्या लाकडांना काय म्हणतात तो शब्द माझ्या जिभेवर आला. मी तो उच्चारला नाही.

मग बऱ्याच दिवसांनी मंचरला काम होतं. क्लास तिथंच होता, मॅडमच्या चष्म्याचा नंबर वाढलेला. टोप जळाला, पण टोपात दिसायची ती फॅक्टरी त्यांच्या कॉम्प्युटरात असेल का, असं मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, आहे ना. पडद्यावर त्यांनी ती उघडली. माझी जुनी शेड. खांब, मोटर, रिळं. उजव्या कोपऱ्यात मशीन, पायाच्या दांडीसकट. मॅडम दुसरीकडं बघत राहिल्या.

"आगीनंतर काका एकदा आले होते," त्या मग म्हणाल्या. "म्हणाले, एक वस्तू काढायची राहिली. मी म्हटलं, काका, टोप नाही, फॅक्टरी नाही, आता कशाला? पण ऐकेनात. दिवसभर बसून काढून घेतली." त्यांनी चित्र फिरवलं, मागच्या दाराशी नेलं. चपलांच्या रांगेत, हौसाबाईंच्या लाल अंगठ्याशेजारी, जाड तळाच्या कोल्हापुरीचा एक जोड होता. "तुमच्या आहेत म्हणाले. 'त्यांच्या चपला मागल्या दाराला नव्हत्या, मॅडम. मग तो मानूस तिकडं कसा जाईल? चूक परीक्षा घेणाराची व्हती.' असं म्हणाले."

मी खुर्ची पुढं ओढून घेतली. "आग लावा," म्हणालो.

मॅडमनी आग लावली. मोटरपाशी नारिंगी त्रिकोण हलू लागले, वरून करडा धूर उतरू लागला. टोप नव्हता, बटणं दाबून चालायचं होतं. उजवीकडं मशीन दिसत होतं. धूर त्याच्यापर्यंत आलेला नव्हता, वेळ होता, हे मी आजही सांगतो. मी वळलो आणि मागच्या दाराकडं निघालो. दारात थांबलो. चपलांपाशी पोचलो. बाहेर पडलो. बाहेर मॅडमनी काहीच काढलेलं नव्हतं, नुसता पांढरा उजेड होता.

तिथं उभा राहून मी निकालाची वाट बघितली. मागून कुणी काही म्हणालं नाही.